समुद्रतळाची प्रतबंदी

सागरी संवर्धनाच्या प्रस्तावांना हल्ली समुद्रतळाचे रंगीत नकाशे जोडलेले असतात. प्रवाळाला तांबडा रंग, समुद्रगवताला हिरवा, वाळूला पिवळा, चिखलाला करडा. एकही जागा कोरी नसते. असा नकाशा समोर आला की मला प्रथम एकच प्रश्न सुचतो : यातले प्रत्यक्ष पाहिले किती? जगातील समुद्रतळापैकी आधुनिक ध्वनियंत्रांनी मोजलेला भाग २०१७ मध्ये सुमारे ६ टक्के होता. जून २०२५ मध्ये तो २७.३ टक्क्यांवर आल्याचे 'सीबेड २०३०' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने जाहीर केले. हीसुद्धा मोजणी केवळ खोलीची आहे. त्या खोलीवर कोण राहते हे कॅमेरा सोडून, पाणबुडे उतरवून किंवा तळाचा नमुना वर काढून पाहिलेली जागा याहून कितीतरी कमी भरेल. तरीही नकाशा पुरा रंगलेला असतो, कारण न पाहिलेली जागा गणिताने भरून काढलेली असते.

रीत थोडक्यात अशी. ज्या मोजक्या ठिकाणी एखादा जीव सापडला आहे, तेथील खोली, तळाचा उतार, वाळू आहे की चिखल, पाण्याचे तापमान, क्षारता, प्रवाहाचा जोर ही माहिती एकत्र करायची. त्या जीवाला काय मानवते याचे एक नाते त्यावरून बसवायचे. मग जेथे कोणी गेलेले नाही, परंतु खोली आणि तापमान ठाऊक आहे, अशा ठिकाणी तेच नाते लावून तो जीव तेथे असण्याची शक्यता काढायची. याला अधिवासाचे पूर्वानुमान म्हणतात, आणि ते ज्या गणिताने निघते त्याला मॉडेल.

जमाबंदीच्या कागदांत आयुष्य गेलेल्या माणसाला यात अनोळखी असे काही नाही. मुंबई इलाख्यात १८२० च्या दशकाअखेर प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने दख्खनच्या जमिनीची मोजणी केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न हिशोबाने काढायचे आणि त्याच्या ५५ टक्के सारा ठरवायचा, अशी त्याची शास्त्रशुद्ध योजना होती. हिशोब इतका नाजूक होता की खालच्या कारकुनांनी दिलेल्या आकड्यांवर तो उभा राहीना. सारा झेपेना म्हणून अनेकांनी शेते सोडली. मग १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी काम नव्याने हाती घेतले. त्यांनी उत्पन्न काढण्याचा नाद सोडला. मातीची खोली आणि पोत पाहायचा, चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणे असे दोष वजा करायचे, आणि जमीन नऊ प्रतींपैकी एकीत बसवून तिची किंमत आण्यांत लिहायची. खोली व पोत यांवरून पिकाचा अदमास बांधणे हीच प्रतबंदी. समुद्रशास्त्रज्ञ खोली व गाळ यांवरून जीवांचा अदमास बांधतात. फरक एवढाच की प्रतबंदीदाराला शंका आली तर कुदळ मारून पाहता येत असे, आणि बांधावर उभा असलेला रयत लगेच हरकत घेत असे. समुद्रतळावर कुदळ महाग पडते आणि बांधच नसतो.

समुद्रतळाच्या माहितीचा सर्वांत जुना साठा मात्र शास्त्रज्ञांनी जमवलेला नाही. तो खलाशांचा आहे. खोली मोजण्यासाठी शिशाचा ओळंबा दोरीला बांधून सोडत. ओळंब्याच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरत. तळाला टेकला की चरबीला वाळू, चिखल किंवा शिंपल्याचा चुरा चिकटून वर येई. नांगर धरेल की नाही हे त्यावरून कळे. म्हणून जुन्या सागरी नकाशांवर वावांच्या आकड्यांशेजारी तळाच्या जातीची इवलीशी अक्षरे असतात. बॉम्बे मरीन आणि पुढे इंडियन नेव्हीच्या अधिकाऱ्यांनी तांबडा समुद्र, मालदीव, लक्षद्वीप येथे अशी लाखो मापे घेतली. नांगर टाकण्यासाठी लिहिलेली ही अक्षरे आज कित्येक देशांच्या अधिवास-नकाशांत कच्चा माल म्हणून वापरली जातात. ती कोणत्या साली लिहिली, हे मात्र त्या नकाशाच्या रंगावरून कळत नाही.

या माहितीवरून जीवसृष्टीचे पहिले मोठे भाकीत केले एडवर्ड फोर्ब्स या तरुण निसर्गशास्त्रज्ञाने, आणि ते साफ चुकले. १८४१-४२ मध्ये 'बीकन' या ब्रिटिश आरमारी जहाजावरून त्याने एजियन समुद्राच्या तळावर शंभराहून अधिक वेळा ओढजाळे फिरवले. खोलीप्रमाणे जीवांचे आठ पट्टे पडतात, आणि खाली जावे तसतसे जीव विरळ होतात, असे त्याला आढळले. त्याचे जाळे पोहोचले २३० वावांपर्यंत. तेथून त्याने रेघ पुढे ओढली आणि १८४३ मध्ये मांडले की सुमारे ३०० वावांच्या खाली जीवसृष्टी नसावी. पट्ट्यांविषयी तो बरोबर होता. चूक पुढे ओढलेल्या रेघेत होती. एजियन हा मुळातच अन्नद्रव्यांनी गरीब समुद्र. त्या एका गरीब घरावरून त्याने साऱ्या गावाची पंगत मोजली. जॉन रॉसने १८१८ मध्येच बॅफिन उपसागरात याहून पुष्कळ खोलातून जिवंत प्राणी वर आणला होता, तो पुरावाही बाजूला राहिला. १८६० मध्ये भूमध्य समुद्रातील तुटलेली तारेची केबल वर ओढली तेव्हा हजाराहून अधिक वाव खोलीवर तिला प्राणी चिकटलेले निघाले. १८६९ मध्ये 'पॉर्क्युपाइन' जहाजाने २,४३५ वावांवरून जीव आणले आणि वाद मिटला. फोर्ब्स तोवर वारला होता. त्याचे म्हणणे पंचवीस वर्षे टिकले, याचे कारण ते नीटनेटके होते आणि तपासणे खर्चाचे होते. ही दोन कारणे आजही पुष्कळ मॉडेलांना दीर्घायुष्य देतात.

आता आपल्या बाजूला येऊ. रामेश्वर आणि तुतिकोरिन यांच्या दक्षिणेला, भारत आणि श्रीलंका यांच्यामध्ये मन्नारचे आखात पसरले आहे. तेथे किनाऱ्यापासून काही कोसांवर, दहा-बारा वाव पाण्याखाली खडकाचे आणि मृत प्रवाळाचे उंचवटे आहेत. तमिळ पाणबुडे त्यांना 'पार' म्हणतात. मोत्याचे शिंपले या पारांना चिकटून वाढतात. पांड्य राजांपासून पोर्तुगीज, डच, इंग्रज यांच्यापर्यंत ज्याची सत्ता त्याचा या मोत्यांवर हक्क. म्हणून सरकारी तिजोरीसाठी समुद्रतळाचे पूर्वानुमान करण्याची रीत आपल्याकडे विज्ञानाच्या फार आधीपासून आहे. अधिवासाचा नकाशा, नमुना, अंदाज आणि अधिसूचना ही साखळी येथे अखंड दिसते.

ही व्यवस्था मोठी शिस्तीची होती. ठराविक ऋतूत पारांची तपासणी होई. नौका ओळीने फिरत, ठरलेल्या जागी पाणबुडे उतरत, एका बुडीत किती शिंपले हाती आले याची नोंद होई. त्याला क्षेत्रफळाने गुणून पारावरचा एकूण साठा काढत. मग काही हजार शिंपले नमुन्यादाखल काढून सडवत, धुऊन मोती वेगळे करत आणि जाणकारांकडून हजारी भाव ठरवून घेत. शिंपल्यांचे वय पुरेसे आहे आणि भाव परवडतो असे दिसले तर मोतेमारीची तारीख जाहीर होई. ओसाड किनाऱ्यावर काही आठवड्यांत हजारो माणसांचे गाव उभे राही. काढलेल्या शिंपल्यांपैकी एक तृतीयांश पाणबुड्यांचे, दोन तृतीयांश सरकारचे. सरकारी वाट्याचा रोज रात्री लिलाव. पीक पाहणी, आणेवारी आणि वसुली अशी ही समुद्रावरची जमाबंदीच म्हणावी. (१९०६ साली श्रीलंकेच्या बाजूला मरिच्चुकट्टी येथे मोतेमारीच्या बंदोबस्तावर लेनर्ड वुल्फ नावाचा एक तरुण मुलकी अधिकारी होता. पुढे तो इंग्रजी साहित्यविश्वात प्रसिद्ध झाला. मुलकी नोकरीने किती जणांना लेखक केले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

अडचण एवढीच की साठा एका वर्षी दिसे आणि पुढल्या वर्षी नाहीसा होई. श्रीलंकेच्या बाजूला १८९१ नंतर दहा-अकरा वर्षे मोतेमारीच झाली नाही. अखेर तेथील सरकारने लिव्हरपूलचे प्राध्यापक विल्यम हर्डमन यांना बोलावले. १९०२ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहायक जेम्स हॉर्नेल यांनी पारांची पाहणी केली. अहवालाचे पाच भाग १९०३ ते १९०६ या काळात लंडनच्या रॉयल सोसायटीने छापले. 'पेरिया पार' या बाहेरच्या बाजूच्या मोठ्या पारावर कोवळे शिंपले अमाप संख्येने बसतात, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पाण्याच्या जोराने वाहून जातात किंवा वाळूखाली गाडले जातात, असे त्यांनी दाखवले. म्हणजे जागा शिंपल्यांना मानवणारी आहे आणि शिंपले तेथे आहेतही, तरी मोती मिळणार नाहीत. अधिवास असणे आणि त्यात जीव टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे सरकारी खर्चाने झालेले दुसरे संशोधन त्या काळात मला तरी माहीत नाही.

पण सरकारने त्या अहवालातून काय घेतले? १९०५ ची मोतेमारी अभूतपूर्व झाली. आठ कोटींच्या आसपास शिंपले निघाले. शास्त्र आता हाती आहे, शिंपले हलवून लावता येतात, पार शेतासारखे कसता येतील, असा विश्वास पसरला. १९०६ मध्ये लंडनमधील भांडवलावर उभ्या राहिलेल्या एका कंपनीने सारे पार वीस वर्षांच्या मक्त्याने घेतले. १९०७ नंतर त्या कंपनीला मोतेमारी करण्याजोगा साठाच मिळाला नाही, आणि काही वर्षांत तिने गाशा गुंडाळला. श्रीलंका सरकारला निदान मक्त्याचे पैसे मिळाले. पाणबुड्यांना काहीच मिळाले नाही. आणि त्यांच्यापैकी कोणालाही, हा पार किती वर्षांनी फळतो, असे विचारल्याचे दिसत नाही. हॉर्नेल पुढे मद्रास सरकारच्या मत्स्य विभागात आले आणि तेथे त्यांनी कोळ्यांच्या नौका, जाळी, रीती यांच्यावर पुष्कळ लिहिले. तुतिकोरिनच्या बाजूची शेवटची मोतेमारी १९६१ मध्ये झाली. त्यानंतर पार तेथेच आहेत, शिंपलेही थोडेफार असतात. तारीख मात्र पुन्हा जाहीर झालेली नाही.

याच सुमारास डेन्मार्कमध्ये पीटरसन नावाचा शास्त्रज्ञ पोलादी पंजाने समुद्रतळाचा मोजून एक दशांश चौरस मीटर तुकडा वर काढत होता. प्लेस या चपट्या माशाला तळावर खाद्य किती आहे, हा त्याचा प्रश्न. १९११ पासून निघालेल्या त्याच्या अहवालमालेचे नाव होते 'समुद्राचे मूल्यांकन'. हे नाव सेटलमेंट कमिशनरच्या दप्तरात सहज खपले असते. विशिष्ट खोली आणि विशिष्ट गाळ असेल तेथे प्राण्यांचा विशिष्ट समूह आढळतो, असे त्याने मांडले आणि त्या आधारावर डॅनिश समुद्राचा समूहवार नकाशा केला. आजच्या रंगीत नकाशांचा हा थेट पूर्वज.

पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत यंत्रे बदलली. एका फेरीत रुंद पट्ट्याची खोली मोजणारे मल्टिबीम सोनार आले. परतलेल्या ध्वनीच्या जोरावरून तळ टणक की मऊ हेही सांगता येऊ लागले. उथळ, नितळ पाण्यात उपग्रहाला तळ दिसतो. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने १९९० च्या दशकात भारतीय उपग्रहांच्या चित्रांवरून आपल्या प्रवाळभित्तींचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे तयार केले. संगणक स्वस्त झाले. २००६ मध्ये फिलिप्स, अँडरसन आणि शॅपायर यांनी 'मॅक्सएंट' नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिचा मोह असा की जीव कोठे सापडला एवढेच तिला सांगावे लागते. कोठे शोधूनही सापडला नाही, हे सांगावे लागत नाही. संग्रहालयांत आणि जुन्या मोहिमांच्या अहवालांत 'सापडला' याच्या नोंदी असतात, 'नाही सापडला' हे कोणी लिहून ठेवत नाही. त्यामुळे जगभर या पद्धतीने अधिवासांचे नकाशे झपाट्याने निघू लागले. तळतपासणीत न आढळलेल्या गोष्टीची नोंद न ठेवणे ही सवय आपल्या खात्यांनाही नवी नाही.

अशा नकाशावर कायद्याची रेघ ओढण्याचा एक मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यान सुमारे ३ लाख ४४ हजार चौरस किलोमीटरचे. म्हणजे महाराष्ट्राहून मोठे. १९७५ च्या कायद्याने ते स्थापन झाले, तरी पूर्ण मासेमारीबंदी असलेला भाग जेमतेम साडेचार टक्के होता आणि तोही बहुतेक प्रवाळभित्तींवर. भित्तींच्या मधला सपाट तळ कोणी फारसा पाहिलेला नव्हता. तेथे कोळंबीचे ट्रॉलर फिरत. १९९० च्या दशकाअखेर उद्यान प्राधिकरणाने तज्ज्ञांना बसवून, उपलब्ध माहिती आणि खोली-गाळ-प्रवाह यांचे अंदाज जुळवून, साऱ्या क्षेत्राचे ७० जैविक प्रदेश पाडले : ३० भित्तींचे, ४० भित्तींबाहेरचे. नियम केला की प्रत्येक प्रदेशाचा किमान पाचवा हिस्सा बंद ठेवायचा. या नियमातले शहाणपण मला फार आवडते. कोणत्या जागी काय आहे हे नक्की ठाऊक नाही, तेव्हा प्रत्येक प्रकारातले थोडे थोडे राखा; एक अंदाज चुकला तरी सारे जाणार नाही.

लोकांच्या सूचना दोन फेऱ्यांत मागवल्या. ३१ हजारांहून अधिक आल्या. त्या वाचून सीमा खरोखर हलवल्या गेल्या. आणि एक बारीक पण प्रशासकाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट : मॉडेलची रेघ नागमोडी असते, पण कायद्याच्या सीमा शक्य तेथे अक्षांश-रेखांशाच्या सरळ रेषांत बसवल्या, म्हणजे नावाड्याला यंत्रावर पाहून आपण आत की बाहेर हे कळावे. १ जुलै २००४ पासून सुमारे ३३ टक्के उद्यान बंद झाले. मच्छीमारांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या धंद्यांना दिलेली भरपाई सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पट वाढून २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेली. जीवांचे भाकीत करणाऱ्यांपेक्षा खर्चाचे भाकीत करणारे अधिक चुकले.

या सगळ्यात लक्षात ठेवण्याजोगा क्रम असा. भित्तींमधल्या तळाची पद्धतशीर पाहणी २००३ ते २००६ या वर्षांत झाली. हजाराहून अधिक ठिकाणी नमुने घेतले गेले, सात हजारांहून अधिक जाती निघाल्या, शेकडो जातींच्या वाटणीचे नकाशे मॉडेलने काढले, आणि अहवाल आला २००७ मध्ये. म्हणजे रेघ आधी, पाहणी नंतर. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. ट्रॉलरचे जाळे अहवालाची वाट पाहत थांबत नाही. पण रेघ अंदाजावर ओढली आहे हे प्राधिकरणाने लपवले नाही, आणि रेघ ओढून झाल्यावर पाहणी बंद केली नाही.

उलट उदाहरण दक्षिण प्रशांत महासागराचे आहे. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून खोल समुद्रातील नाजूक परिसंस्थांना तळमासेमारीपासून वाचवण्याची जबाबदारी देशांवर टाकली. न्यूझीलंडच्या नौका ज्या सागरी पर्वतांवर मासे पकडतात तेथे खोल पाण्यातील दगडी प्रवाळ कोठे असावेत, याचे नकाशे मॉडेलने काढले गेले. संगणकावरच्या चाचणीत ते उत्तम उतरले. मग २०१४ मध्ये शास्त्रज्ञ जहाज घेऊन लुइव्हिल पर्वतमालेवर गेले आणि कॅमेरा खाली सोडला. जेथे प्रवाळ असण्याची मोठी शक्यता दाखवली होती अशा पुष्कळ ठिकाणी ते नव्हते. कारणे शोधता सापडले की काही पर्वतांची मॉडेलला दिलेली खोलीच वास्तवापासून दूर होती. शिवाय तळ खडकाळ की गाळाचा, याची माहिती मॉडेलला नव्हती. संगणकावरच्या चाचणीने हे पकडले नाही, कारण ती चाचणी त्याच नमुन्यांतले काही बाजूला ठेवून घेतलेली होती. शेजारच्या शेताला विचारून या शेताची प्रत तपासण्यासारखे ते झाले. हा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी स्वतः २०१६ मध्ये छापला, याचे मला कौतुक वाटते. आपल्या पैसेवारीची अशी फेरतपासणी करून खात्याने ती स्वतःहून प्रसिद्ध केल्याचे उदाहरण मी शोधतो आहे.

मन्नारच्या आखाताकडे परत वळतो. १९८६ मध्ये तमिळनाडू सरकारने तुतिकोरिन ते रामेश्वर यांच्यामधली २१ बेटे आणि भोवतालचे उथळ पाणी मिळून ५६० चौरस किलोमीटरचे सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर केले. तेव्हा तळाचा अधिवास-नकाशा नव्हता. मग सीमा कशी ठरवावी? बेटांच्या किनाऱ्याकडील बाजूस साडेतीन वाव खोलीपर्यंत आणि समुद्राकडील बाजूस पाच वाव खोलीपर्यंत. एवढ्या पाण्यात ऊन पोहोचते, म्हणून प्रवाळ आणि समुद्रगवत असणार, हा त्यामागचा हिशोब. फोर्ब्सच्या पट्ट्यांपासून चालत आलेले हे सर्वांत जुने मॉडेल, एकाच चलाचे : खोली. ढोबळ असूनही ते बऱ्याच अंशी बरोबर होते, आणि त्याने बेटांभोवतालचा जीवसमूह एका झटक्यात संरक्षणाखाली आणला. त्या किनाऱ्यावर चुन्यासाठी प्रवाळ खणून नेत, एवढे सांगितले म्हणजे निकड कळेल.

पण पाच वावांची रेघ पाण्यावर दिसत नाही. ती भरती-ओहोटीने हलते आणि वाळू सरकली की जागा बदलते. उद्यानातील दोन बेटे तर पाण्याखाली गेली आहेत. वनखात्याच्या गस्ती नौकेला आणि वल्लमवाल्या कोळ्याला ती वेगवेगळ्या जागी वाटणे स्वाभाविक होते. त्यातून जप्ती, दंड, तंटे झाले. सर्वांत जाच झाला तो बेटांभोवती पाण्यात उतरून समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्या बायकांना. रामनाथपुरम जिल्ह्यातल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय आहे, आणि नकाशावर त्यांचा तळ अधिवास म्हणून आला, उपजीविका म्हणून आला नाही. पुढे त्यांनीच आपापसांत महिन्यातले दिवस ठरवून घेतले, कोणत्या हंगामात तोडायचे नाही हे ठरवले. कोणत्या खडकावर कोणते शेवाळ कोणत्या महिन्यात असते, याची जी माहिती त्यांच्या हाताबोटांत आहे तिच्यात 'नाही सापडले' ही नोंदसुद्धा आहे. मॅक्सएंटला जे कधी मिळत नाही, ते येथे फुकट मिळण्याजोगे होते.

या अनुभवाचा उपयोग झाला असे म्हणण्याला जागा आहे. २१ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच राज्याने पाल्कच्या सामुद्रधुनीजवळ, तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर, ४४८ चौरस किलोमीटरचे देशातील पहिले समुद्रगाय संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. समुद्रगाय म्हणजे डुगाँग हा सस्तन प्राणी समुद्रगवतावर जगतो. या भागात सुमारे १२,२५० हेक्टर समुद्रगवताचा पट्टा आहे. पण १९८६ सारखे राष्ट्रीय उद्यान न करता वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-अ खालचे 'संवर्धन राखीव' हे रूप निवडले. या रूपात स्थानिक लोकांशी विचारविनिमय करणे कायद्यानेच बंधनकारक आहे, व्यवस्थापन समितीची तरतूद आहे, आणि मासेमारीवर नवी बंदी येणार नाही असे सरकारने सांगितले. पाल्कचे पाणी गढूळ असते, उपग्रहाला तळ धड दिसत नाही. गवताची सीमा दर ऋतूत थोडी सरकते. अशा ठिकाणी सीमा चुकली तर तिची शिक्षा कोणाला भोगावी लागेल, याचा विचार कायद्याचे कलम निवडतानाच झाला, ही त्यातली जमेची बाजू.

डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला जगातील देशांनी २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणण्याचे मान्य केले. आपलाही देश त्यात आहे. मुदत जवळ, पाहिलेला तळ थोडा. तेव्हा येत्या काही वर्षांत ज्या रेघा ओढल्या जातील त्यांतल्या बहुतेक मॉडेलच्या आधारे असतील, हे सांगायला भाकीतकार नको. माझी मागणी फार नाही. प्रस्तावासोबत एक नकाशा येतो, तेथे दोन यावेत. पहिला नेहमीचा रंगीत. दुसऱ्यात तोच तळ, पण रंग वेगळ्या गोष्टीचा : येथे माणूस उतरला होता, येथे फक्त ध्वनी पोहोचला, येथे केवळ गणित, आणि प्रत्येक नोंदीचे साल. चांगली मॉडेले आपल्या अनिश्चिततेचा असा नकाशा काढतातच. युरोपातील काही देश तो प्रसिद्धही करतात. आपल्याकडे फाईल वर सरकता सरकता तो परिशिष्टात जातो आणि परिशिष्ट मंत्रालयाच्या पहिल्या मजल्यावर गळून पडते. अधिसूचनेवर सही करणाऱ्याच्या टेबलावर दुसरा नकाशा आधी यावा आणि कोळीवाड्याच्या सभेतही तोच आधी टांगावा. कोऱ्या जागा पाहिल्या म्हणजे लोक बोलतात. पूर्ण रंगलेल्या नकाशापुढे ते गप्प बसतात किंवा भांडतात.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर समुद्राखाली एक विस्तीर्ण पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रे तट म्हणतात. त्याच्यावर प्रवाळ आहेत हे शास्त्रज्ञांनी आणि पाणबुड्यांनी पाहिले आहे. बारा सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्राच्या ते फार बाहेर असल्याने १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली त्याला संरक्षण द्यावे, अशी कल्पना मांडली गेली आहे. प्रस्ताव जेव्हा पुढे सरकेल तेव्हा त्याच्यासोबत रंगीत नकाशा असणारच. या पठारावर वर्षानुवर्षे मासेमारीला जाणाऱ्या नौका मालवण-देवगडकडच्या आहेत, आणि कोणत्या कडेला जाळे फाटते हे त्यांच्या तांडेलांना पाठ आहे. आणि मॉडेलबद्दल शंका आलीच तर येथे लुइव्हिलसारखी शेकडो वाव खोल कॅमेरा सोडण्याची गरज नाही. पठाराच्या माथ्यावर पाणी जेमतेम वीस मीटर आहे.